आधी पट्टी लिही

प्रिय,

कांद्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात बळीराजा, आसवं, आक्रोश, भीषण वास्तव असं सगळं येऊन गेलं, पण कांदा आलाच नाही. तू दिवसभर बाजार समितीत थांबून सगळं पाहिलंस हे मला माहीत आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

फेब्रुवारी 2023 मधली सोलापूरची ती पट्टी, म्हणजे व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला दिलेली विक्रीची पावती, आठव. 512 किलो कांदा, किलोला 1 रुपया भाव, म्हणजे 512 रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती उरले 2 रुपये 49 पैसे. चेक मिळाला 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. यात विशेषण एकही नाही, तरी वाचणारा जागच्या जागी थांबतो. तुझ्या वहीतली पट्टीही अशीच उतरव: वजन, भाव, कपात, शिल्लक. 'तुटपुंजा' हा शब्द वाचकाला स्वतःच्या मनात म्हणू दे.

पुण्यामुंबईतला वाचक पुढे लगेच विचारेल, भाव नव्हता तर माल ठेवून का दिला नाही? याचं उत्तर तुझ्या लेखात कुठेच नाही. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. हिवाळ्यात येणारा लाल कांदा तसा टिकत नाही. त्याला कोंब फुटतात, तो सडतो. काढला की विकावाच लागतो. तुला हे इतकं पाठ आहे की सांगायचं राहून गेलं. जाणकाराच्या लिखाणात धूसरपणा बहुतेक वेळा असाच येतो.

आणि 'त्या रात्री त्याला झोप लागली नसेल' हे वाक्य काढ. त्यानं तसं सांगितलं असेल तर त्याच्याच शब्दांत दे. सुरुवातीच्या काळात मी चारा छावणीवर लिहिलं होतं, तिथे न जाताच. 'गुरांचा हंबरडा' असं मोठ्या हौसेनं लिहिलं. छावणीत राहिलेल्या एका आजोबांनी लेख वाचून शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही कधी आला होता?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून बोचतं.

त्या शेतकऱ्याला पुन्हा फोन कर. गोण्या किती होत्या, गाडी स्वतःची की भाड्याची, घरी पोचल्यावर पहिल्यांदा कोणाला सांगितलं, एवढं विचार. दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघते.

तुझी,
ताई