वय वाढतं तशी वर्षं भरभर का जातात?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी ३४ वर्षांचा आहे. दिवाळी झाली म्हणेस्तोवर पुढची दिवाळी येते. वयाबरोबर काळ खरंच भरभर जातो का, आणि त्यावर काही करता येतं का?"

माझी साठी उलटली आहे. मला विचाराल तर दिवस आजही तेवढाच मोठा असतो. लहान होतं ते मागे वळून पाहिलेलं वर्ष.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी होळी आटोपली की कूलर बाहेर निघतो. टाकी घासायची, मोटर चालते का बघायचं, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवायच्या. ताट्या बदलल्या की आमचे हे कूलरच्या आतल्या पत्र्यावर ऑइलपेंटने तारीख टाकतात. पत्रा गंजलाय, पण एकाखाली एक तारखा वाचता येतात. आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "अगं, आत्ताच तर आत ठेवला होता!"

यंदा मी त्या तारखा बसून वाचल्या. बऱ्याच वर्षांचं काहीच आठवेना. ऑफिस, डबे, लग्नसराई, बस. २०१९ पाशी मात्र थांबले. त्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन खापरीपर्यंत गेलो. त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला होता. वरून वर्धा रोड बघत म्हणाल्या, "एवढं नागपूर कधी वाढलं गं?" ते वर्ष मला अजून ऐसपैस वाटतं. त्याखालच्या २०२० आणि २०२१ चं उलट. टाळेबंदीतली दुपार सरता सरत नव्हती, पण आज ती दोन वर्षं एकमेकांत अशी मिसळलीत की कुठली गोष्ट कधीची ते सांगता येत नाही.

पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं होतं: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. ऐकायला पटतं, पण मग टाळेबंदीतली ती दुपार आम्हा म्हाताऱ्यांना एवढी लांब का वाटावी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिलं ते मला जास्त पटतं. लहानपणी रोज काही नवं घडतं आणि ते ठसठशीत लक्षात राहतं. पुढे एकेक गोष्ट सवयीची होत जाते, आणि सवयीचे दिवस आठवणीत उरत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या लोकांना हेच विचारलं होतं. गेला आठवडा किंवा महिना कसा गेला, यात वयाने फारसा फरक पडला नाही. गेली दहा वर्षं मात्र मोठ्या वयाच्या लोकांना जास्त भरभर गेल्यासारखी वाटली.

घरात लेकरू असलं की हे डोळ्यांनी दिसतं. तान्हा पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, माझी लेक लाकडी नंदी ओढत गल्लीभर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायची. एका वर्षी नंदी तिच्या खांद्याला लागायचा, मग कमरेला, मग तिला तो ओढायची लाजच वाटायला लागली. तिला विचारा, प्रत्येक पोळा वेगळा आठवतो तिला. कोणत्या वर्षी चाक निखळलं, कोणत्या वर्षी पावसात झूल भिजली, सगळं. मला ते सगळे पोळे मिळून एकच वाटतात, कारण माझं त्या दिवशीचं काम दरवर्षी तेच होतं.

करता काय येतं, तर काहीतरी असं शिकायला घ्या ज्यात तुम्ही अगदीच नवखे असाल. फिरायला लांब जायलाच हवं असं नाही, आणि ३४ व्या वर्षी, नोकरी सांभाळून, तेवढी उसंत मिळते कुठे! मी निवृत्तीनंतर मोडी शिकायला लागले. भोसल्यांच्या काळातला कारभार मोडीत चालायचा, आणि आमच्याकडे सासऱ्यांच्या पेटीत जुने कागद होते, ते कुणाला वाचता येत नव्हते. पहिले काही महिने अक्षर अक्षराला लागेना, एका संध्याकाळी शब्दही पुरा व्हायचा नाही. गेल्या चार-पाच वर्षांतले तेच महिने मला आठवड्या-आठवड्याने सांगता येतात. सध्या त्या पेटीतलं एक खरेदीखत वाचायला घेतलंय. रोज दीड-दोन ओळी लागतात.