चार सदस्य, चौघांचं नाव एकच?

एक्सएमएल फाइलमध्ये कुटुंबातले चार सदस्य आहेत आणि एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) काढलेल्या आउटपुटमध्ये चारही ओळींत पहिल्याचंच नाव येतंय ना? मग लूप बरोबर आहे, पाथ, म्हणजे टॅग शोधायचा पत्ता, चुकलाय. फॉर-ईच, म्हणजे त्या लूपच्या आत तू परत दोन तिरक्या रेघा (//) देऊन थेट मुळापासून शोधतोयस. एक्सएसएलटी १.० मध्ये व्हॅल्यू-ऑफला, म्हणजे मजकूर छापणाऱ्या सूचनेला, अनेक नोड (इथे टॅग) सापडले की ते पहिलाच उचलतं, २.० मध्ये सगळी नावं एकापाठोपाठ येतात. आत नुसतं टॅगचं नाव लिही, आधी काही नको. म्हणजे चालू ओळीतलंच मिळेल.

हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी याच चुकीने सोसायटीच्या सगळ्या फ्लॅटना एकाच काकांचं नाव लावलं होतं. कंपनीची शेवटची बस गेली, मी तिथेच.

काहीच येत नसेल तर मूळ टॅगवर एक्सएमएलएनएस (xmlns, टॅग कोणत्या नावगटातले ते सांगणारी खूण) आहे का बघ. असेल तर स्टाइलशीटमध्ये, म्हणजे तुझ्या एक्सएसएलटी फाइलमध्ये, त्याला प्रीफिक्स (नावाआधीचं छोटं अक्षर) दे आणि पाथमध्येही लाव. ग्रुपिंग लागणार असेल तर सरळ २.० घे, १.० मध्ये ते ‘की’ (xsl:key) वापरून करतात, पण सध्या त्या वाटेला जाऊ नकोस. आणि हो, रिकामी ओळ गाळ. फॉर्म भरताना लोक ‘आणखी जोडा’ दाबतात आणि तशीच सोडून देतात.