नागपूर आणि परिसरातील कोणत्या बागा वृद्ध आई-वडिलांना व लहान मुलीला घेऊन पाहण्यासारख्या आहेत, आणि सगळ्या पाहायला किती रविवार लागतील?

आपण लिहिले आहे की बदलीमुळे पुण्याहून नागपूरला आला आहात, घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील रविवारी शहरातील व आसपासच्या बागा पाहून घ्यायच्या आहेत. बागा पाहून होण्यास चार-पाच रविवार पुरतील. परंतु वडीलधाऱ्या माणसांना न्यायचे असेल, तर कोणती बाग कोणत्या महिन्यात पाहायची हे आधी ठरवावे लागते आणि ते तिथल्या झाडांवरून ठरते. कारंजी, हिरवळ, खेळणी आणि रंगीत दिवे यांचा विचार त्यानंतर करावा. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्याहून अधिक उन्हाळे या शहरात काढले. त्या आधारावर हे लिहीत आहे.

सुरुवात महाराजबागेपासून करावी. सीताबर्डीच्या अगदी लगत असलेली ही भोसल्यांची बाग आज कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मुलीला प्राणिसंग्रहालय आवडेल. आई-वडिलांना तिथली जुनी, मोठ्या घेराची झाडे आवडतील, कारण अशा झाडाखाली उन्हाळ्यातही सकाळी नऊ वाजेपर्यंत सुखाने बसता येते. नागपुरात नव्याने आलेल्या माणसाला या शहराचा उन्हाळा इथेच आधी भेटावा, असे मला मनापासून वाटते.

सेमिनरी हिल्स मात्र सुट्टीत अजिबात ठेवू नये. लोक उत्साहाने मे महिन्यात पाहुण्यांना तिकडे नेतात, आणि पाहुणे 'इथे तर सगळे वाळून गेले आहे' असे म्हणून परततात. तिथे सागाचे प्रमाण मोठे आहे, आणि साग ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पाण्याची बचत करण्यासाठी तो पाने गाळतो; त्याला वाळणे म्हणत नाहीत. तिथे जुलैपासून जानेवारीपर्यंत जावे. पहिल्या पावसानंतर सागाला नवी पालवी फुटलेली असते, तेव्हा खाली पडलेले एखादे कोवळे पान मुलीच्या हातात द्यावे आणि चोळायला सांगावे. बोटे कुंकवासारखी लाल होतात. माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातले बरेच काही विसरायला झाले असेल, पण तो रंग विसरलेला एकही विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. तिथले बालोद्यान आणि जपानी गार्डन त्याच फेरीत होऊन जाते.

अंबाझरीत दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. तलावाच्या बांधालगतची बाग ही नेहमीच्या अर्थाने बाग आहे. वन विभागाचे जैवविविधता उद्यान हे मोकळे गवताळ माळरान आणि विरळ जंगल आहे, तिथे चालावे बरेच लागते आणि सावली थोडी मिळते. पक्षी पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी जावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला दिसतो. आई-वडिलांना हिवाळ्यातच न्यावे. तलावाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत हा तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. तलाव भरलेला असताना आणि पाऊस सुरू असताना ओव्हरफ्लोच्या बाजूला वृद्धांना व मुलांना घेऊन उभे राहू नये.

आता ज्या कारणाने मी हे उत्तर लिहायला बसले, ते सांगते. आपल्या प्रश्नात 'आई-वडिलांना निवांत बसता येईल अशी' हे शब्द आहेत. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, त्यांना अशी एक जागा होती आणि ती आमच्या डोळ्यांदेखत गेली.

आमच्या लेआउटमधील, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतील, बाग पाऊण एकराचीही नाही. लेआउट पडल्यावर जे पहिले प्लॉटधारक राहायला आले, त्यांनी बागेच्या पश्चिमेच्या कडेला अकरा करंज लावले आणि नळ नसलेल्या त्या काळात बादलीने पाणी घालून ती जगवली. त्या माणसांत मामंजी होते. करंज पश्चिमेलाच का, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही: दुपारी चारनंतर सूर्य त्या झाडांच्या मागे जातो आणि निम्मी बाग सावलीत येते. शिवाय करंज मार्चच्या सुमारास जुनी पाने टाकून लगेच नवी, तकतकीत पालवी धारण करतो. साग उघडा पडलेला असतो, शिरीष विरळ झालेला असतो, त्या एप्रिल-मे महिन्यांत करंजाची सावली सर्वांत दाट असते. विदर्भाच्या रस्त्यांवर करंज लावणाऱ्या जुन्या माणसांना हे पुरते ठाऊक होते. तिसऱ्या करंजाखाली एक सिमेंटचा बाक होता आणि मामंजी रोज पाच ते साडेसात त्यावर बसत. नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, त्यांचा नेम चुकत नसे.

२०१४ मध्ये बागेच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला. लेआउटच्या समितीचे अध्यक्षपद माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे पतीच्या थोरल्या भावाकडे होते. चालण्यासाठी पेव्हर ब्लॉकचा गोल मार्ग, मधोमध विकतची हिरवळ आणि लोखंडी बाक, असा आराखडा सभेत मांडला गेला. करंजांवर दोन आक्षेप होते. पहिला असा की एप्रिल-मेमध्ये फुलांचा कचरा पडतो. दुसरा असा की पानांवर डाग आणि गाठी आहेत, म्हणजे झाडांना रोग लागला आहे. आमच्या घरात भासऱ्यांसमोर चारचौघांत बोलण्याची रीत नव्हती, तरी मी उभी राहिले. मी सांगितले की दादा, पानांवरच्या त्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे आणि पांढुरक्या वेड्यावाकड्या रेघा पाने पोखरणाऱ्या अळीमुळे होतात, त्या जवळजवळ प्रत्येक करंजावर असतात, आणि त्याने मोठे झाड मरत नाही. फुलांचे म्हणाल, तर ती पाखडलेल्या पोह्यांसारखी हलकी असतात; झाडाखालीच राहू दिली तर महिन्याभरात त्यांची माती होते. भासरे शांतपणे म्हणाले, "तुमचं पुस्तकातलं ज्ञान कॉलेजात ठीक आहे. बागेत लोक फिरायला येतात, त्यांना स्वच्छता लागते." सभा त्यांच्या बाजूने गेली. मी खाली बसले आणि त्यानंतर अर्ज वगैरे काहीही केले नाही.

मार्ग झाला तो नेमका करंजांच्या रांगेतून. पाया खणताना पश्चिमेकडची मुळे तुटली, आणि ब्लॉक थेट खोडाला भिडवून सांधे सिमेंटने भरले गेले. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. आमच्याकडील काळी भारी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. त्या भेगांतूनच पहिला पाऊस खोल जातो. वर सिमेंटचे झाकण बसले की तो मार्ग बंद होतो. असे झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षे शेंड्याकडच्या फांद्या सुकत येतात, पाने लहान होत जातात, आणि बघणाऱ्याला वाटते की झाड वयानेच थकले.

२०१७ च्या जूनमध्ये वादळी पावसात तिसरा करंज कुंपणभिंतीवर कोसळला. दुसऱ्या दिवशी मी खुरपे घेऊन गेले आणि खोडाशेजारचे सैल झालेले दोन ब्लॉक उचकटले. खाली चार बोटे जाडीचा काँक्रीटचा थर, त्याखाली ठोकून बसवलेला मुरूम, आणि त्याखालची माती रात्रभराच्या पावसानंतरही राखेसारखी कोरडी होती. कुदळीने सरळ तुटलेले मनगटाएवढे मूळ तिथेच काळे पडून राहिले होते. दहा पावलांवर जास्वंदीच्या आळ्यातली माती मुठीत दाबली तर तिचा लाडू होत होता. मी ती दोन्ही प्रकारची माती दोन वाट्यांत घेऊन भासऱ्यांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिली, आणि झाड आधीपासूनच रोगट होते, असे सांगितले. आज अकरापैकी चार करंज उरले आहेत.

मामंजींचा बाक काम सुरू झाले तेव्हाच हलवला गेला होता. नवा लोखंडी बाक हिरवळीच्या मधोमध, उघड्यावर बसवला. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजतासुद्धा त्यावर तळहात टेकवत नसे. मामंजी टॉवेलची घडी घेऊन चार-पाच दिवस गेले आणि मग जाणे थांबवले. कुणी विचारले की सांगत, "आता तिकडे बसायला जागा नाही." ते पुढे घरच्या गॅलरीत कूलरच्या आवाजात बसू लागले आणि २०१९ मध्ये गेले. त्यांचे वय ८६ होते. बागेमुळे ते गेले, असे मी म्हणत नाही. त्यांची शेवटची पाच वर्षे मात्र त्यांनी स्वतः लावलेल्या झाडांपासून दूर गेली, आणि त्याचे कारण त्यांच्याच मुलाने मंजूर केलेला आराखडा होता, एवढे मी म्हणते.

भासरे आजही म्हणतात की आम्ही एकाही झाडावर कुऱ्हाड चालवली नाही. त्यांनी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यातील व्याख्येनुसार झाड तोडणे यात झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सर्व येते. कुऱ्हाड चालली की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

आपल्या प्रश्नाकडे परत येते. कोणतीही बाग आई-वडिलांसाठी योग्य आहे का, हे पाहण्यासाठी आपण एकट्याने एकदा संध्याकाळी पाच वाजता तिथे जावे. फाटकापासून शंभर पावलांच्या आत, पाठ टेकता येईल असा आणि त्या वेळी सावलीत असलेला बाक आहे का, स्वच्छतागृह उघडे आहे का, पिण्याचे पाणी आहे का, एवढे पाहावे. जुन्या शहरात कामानिमित्त गेलात तर गांधीबाग उद्यान आणि महाल भागातील तुळशीबागेचा परिसर पाहावा. दक्षिणेला राहत असाल तर सक्करदऱ्याची बाग जवळ पडेल. गांधीसागर तलावाच्या काठी एक संध्याकाळ जावे आणि त्याला जोडून मुलीला शेजारचे रमण विज्ञान केंद्र दाखवावे. फुटाळा तलावावर गर्दी खाण्यापिण्यासाठी जमते, शांतता हवी असेल तर तो पर्याय नाही. कस्तुरचंद पार्क हे नावाने पार्क असले तरी मोठे मैदान आहे. आई-वडिलांना बागेच्या अपेक्षेने तिथे नेऊ नये. शहराबाहेर गोरेवाड्याची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. ती बसमधून पाहायची असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसांनाही सोयीची आहे. रामटेक सुमारे ५० किलोमीटरवर आहे, पण तिथे गडाचा चढ आणि पायऱ्या आहेत, तेव्हा ते हिवाळ्यातील वेगळ्या दिवसासाठी ठेवावे.

काही गोष्टी मी वर जरा एकांगी लिहिल्या आहेत, त्या दुरुस्त करते. चाकाच्या खुर्चीला आणि काठी टेकत चालणाऱ्या माणसाला सपाट, पक्का मार्ग लागतो, हे मला मान्य आहे; खोडाभोवती चारही बाजूंनी किमान चार फूट माती उघडी ठेवूनही तो करता येतो. मेमध्ये वळवाची सर येऊन गेली की करंजाच्या ओल्या फुलांवरून पाय घसरतो, हेही खरे आहे. त्या दिवशी झाडून घ्यावे. महाराजबागेजवळून वाहणाऱ्या नाग नदीत आता सांडपाणी असते, त्यामुळे त्या बाजूला वास आणि संध्याकाळी डास यांचा त्रास होतो. बागांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि प्रवेशशुल्क बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आणि आपण ज्या लेआउटमध्ये राहायला आला असाल, तिथल्या बागेत या रविवारी सकाळीच एक फेरी मारावी. ब्लॉक खोडाला भिडवलेले दिसले, किंवा तसे काम सुरू होणार असल्याचे कळले, तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजून लिहावा, शेंडा आणि पाने स्पष्ट दिसतील अशी तारखेसह छायाचित्रे जोडावीत, आणि हे सारे काम सुरू होण्याच्या आधी करावे. मी ते २०१४ मध्ये केले नव्हते, त्यामुळे झाड आधीपासूनच रोगट होते या वाक्यापुढे ठेवायला माझ्याजवळ मातीच्या दोन वाट्यांखेरीज काही नव्हते.