कांजिण्या मुलाला, घाई मात्र बाबांसाठी

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला (वजन २० किलो) कालपासून अंगभर फोड येताहेत. कांजिण्याच आहेत, असं डॉक्टर म्हणाले. हे किती दिवस चालेल? सुकेपर्यंत आंघोळ घालू नको, घरात फोडणी नको, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. माझ्या यजमानांना कांजिण्या कधीच आल्या नाहीत, लसही घेतलेली नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी यजमानांचं बघा, कारण त्यांच्यासाठी वेळ थोडा आहे. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मुलाकडून लागण होत असते. म्हणजे यजमानांचा आज तिसरा दिवस धरा. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस घेतली तर आजार टळतो किंवा सौम्य येतो. दुसरा डोस चार ते आठ आठवड्यांनी. स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू असतील तर ही लस चालत नाही. डॉक्टरांना तसं आधीच सांगा. लस घेऊनही पुढच्या १० ते २१ दिवसांत ताप किंवा पहिला फोड दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. असायक्लोव्हिर हे कांजिण्यांच्या विषाणूवरचं औषध फोड दिसल्यापासून पहिल्या २४ तासांत सुरू केलं तरच त्याचा खरा उपयोग होतो. मोठ्या माणसाला कांजिण्यांतून न्यूमोनिया होण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून एवढी घाई.

आता मुलाचं. चार-पाच दिवस नवे फोड येत राहतील, पोट-पाठ, चेहरा, डोक्यात, कधी तोंडातही. लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली एकाच वेळी शेजारी-शेजारी दिसतील. कांजिण्यांची ती खूणच आहे, आजार उलटला असं समजू नका. सगळ्या फोडांवर खपली धरली, की लागण थांबते. याला साधारण आठवडा लागतो, तोवर शाळा नाही. खपल्या आपोआप पडू द्या, ओढल्या की खड्डा राहतो.

तापाला पॅरासिटामॉल : २० किलोला एका वेळी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिली. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचं प्रमाण वाचूनच मोजा. १२० आणि २५० अशा दोन्ही बाटल्या मिळतात आणि गफलत तिथेच होते. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळा.

आंघोळ रोज घाला. कोमट पाणी, न घासता, मऊ पंचाने टिपून. कडुनिंबाचा पाला पाण्यात घातला तर हरकत नाही, पण तो अंगावर चोळू नका. मळ आणि नखं, यांनीच फोड पिकतात. नखं आजच कापा. खाजेवर कॅलामाइन लावा. फोडणी बंद ठेवण्याची गरज नाही. तोंडात फोड असतील तर तिखट-आंबट झोंबेल, तेवढे दिवस मऊ भात, दही, खिचडी द्या.

ताप चौथ्या दिवसानंतरही टिकला किंवा उतरून परत चढला, फोडाभोवती कातडी लाल, गरम, दुखरी झाली, मूल गुंगीत राहिलं, चालताना तोल गेला, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर थेट रुग्णालयात न्या.

घरी किंवा शेजारी कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या येऊन गेल्याची खात्री नसेल, तर तिला आजच तिच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा. गरोदरपणात ही लस देत नाहीत, तिच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं आणि त्यालाही दिवसांची मर्यादा आहे.