गाणी लावली, आता प्यायला काय घेऊ?

या वेळी विषय दिला होता घरी गाणी ऐकताना प्यायचं काय, आणि पत्रं इतकी आली की निम्मी बाजूला ठेवावी लागली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र थोडं कापलं गेलं असं वाटलं तर रागावू नका.

प्रश्न : ताई, मला सध्या रेकॉर्ड ऐकायचा नाद लागलाय. मस्त दुधाचा चहा करून बसतो, डोळे मिटतो, आणि बाजू संपते तेव्हा चहा थंडगार, वर साय धरलेली. मग उठा, गरम करा, परत बसा, मूड गेला. लांब बैठकीसाठी कुठलं पेय चांगलं?

उत्तर : तुमचा प्रॉब्लेम चहाचा नाहीच, घड्याळाचा आहे. एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटांची असते, थोडी इकडे तिकडे, आणि उघड्या कपातला चहा तेवढ्या वेळात कोमट होणारच. म्हणून ऐकताना पेय निवडायची माझी एकच कसोटी आहे, आपण त्याला साफ विसरलो तर ते किती वेळ पिण्यालायक राहतं. दुधाचा चहा या परीक्षेत पहिल्या फेरीतच नापास, साय धरतो आणि परत उकळला की वास बदलतो. तो मुळात गप्पांचा चहा आहे, गरम गरम दोन मिनिटांत संपवायचा.

कोरा चहा टिकतो, पण पत्ती आत ठेवून नाही. पत्ती पाण्यात राहिली की तुरटपणा उतरतच राहतो आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत तोंड वाकडं होतं, म्हणून तीन ते पाच मिनिटांत गाळून थर्मासमध्ये ओता आणि बाजूला छोटा कप ठेवा, मोठा मग नको. ग्रीन टी असेल तर उकळतं पाणी घालू नका, ७० ते ८० डिग्रीचं पुरे, आणि दोन-तीन मिनिटांत पिशवी बाहेर. कॉफीलाही हाच नियम, करून थर्मासमध्ये ठेवा. मशीनच्या गरम तव्यावर तासभर बसलेली कॉफी कडवट आणि करपट लागते, ती माझ्या मते सरळ सिंकमध्ये जावी.

सगळ्यात निवांत पर्याय म्हणजे कोल्ड ब्रू. जाडसर दळलेली कॉफी थंड पाण्यात १२ ते १८ तास भिजवायची, गाळायची, फ्रिजमध्ये टाकायची. चवीला सौम्य असते, आंबटपणा कमी, आणि ती मुळातच थंड आहे म्हटल्यावर गार झाली म्हणून हळहळायचा प्रश्नच नाही.

आणि एक, रेकॉर्ड उलटायला तुम्हाला उठायचंच असतं ना? मग कप तेव्हाच भरा. मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांची प्लेलिस्ट संपतच नाही आणि माणूस तासन्‌तास एकाच घोटावर बसून राहतो. घाईघाईत उकळता घोट मात्र घेऊ नका, ६५ डिग्रीच्या वरची पेयं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली आहेत. पाच मिनिटं निवू द्या, चवही जास्त कळते.

प्रश्न : मी कानात इअरफोन घालून ऐकते. काही प्यायलं की घोट गिळताना डोक्यात मोठ्ठा 'गटक्‌' असा आवाज येतो, गाणं दबून जातं त्यात. कानात काही बिघाड आहे का? घाबरून विचारतेय.

उत्तर : अजिबात घाबरू नका, सगळ्यांना होतं हे. आपण गिळतो, चावतो, बोलतो तेव्हा त्याची कंपनं हाडांमधून कानाच्या नळीपर्यंत पोचत असतात. कान मोकळा असेल तर त्यातला खर्जाचा भाग बाहेर निसटून जातो म्हणून जाणवत नाही, पण नळीच्या तोंडाला रबराचं बूच बसलं की तो आतच अडकतो आणि मोठा ऐकू येतो. कानात बोटं घालून गुणगुणून बघा, आपलाच आवाज कसा घुमतो, तेच हे. शिवाय गिळताना नाकामागून मध्यकर्णाकडे जाणारी बारीक नळी क्षणभर उघडते, त्याचाही एक 'टक्‌' असतो.

उपाय म्हणाल तर घरात एकट्याच असाल तर ज्यांच्या कपांची मागची बाजू उघडी असते असे (ओपन-बॅक) हेडफोन वापरून बघा, फरक लगेच कळेल. पेयांमध्ये कोमट आणि साधं घ्या. सोडा, कोल्ड्रिंक वगैरे फसफसणारं नको, कारण जिभेवर फुटणारे बुडबुडेसुद्धा ऐकू येतात, आणि बर्फ कडाकडा चावायची सवय असेल तर ती स्पीकरच्या दिवसासाठी ठेवा. स्ट्रॉ हा उपाय वाटतो पण शेवटचा घोट ओढताना जो सुर्रर्र होतो तो कुठल्याही संगीतात बसत नाही. हं, कान दुखत असेल किंवा गाणी बंद असतानाही दडे बसलेले राहत असतील तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : गाणं बदललं की पेयाची चव बदलते असं वाचलं. खरं की थापा?

उत्तर : थापा नाहीत, पण लोक सांगतात तेवढी जादूही नाही. ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. सर्वसाधारणपणे लोक उंच, टिपेचे स्वर गोड चवीशी जोडतात आणि खालचे, जडसर स्वर कडू चवीशी. २०१२ साली त्यांच्या गटाने एकच कडू-गोड टॉफी दोन वेगवेगळे आवाज ऐकवत खायला दिली, तर खर्जातला आवाज चालू असताना तीच टॉफी लोकांना जास्त कडू वाटली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ यांचा वाइनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइन तीच, पण जड आणि दमदार संगीत ऐकणाऱ्यांनी ती जड म्हणून सांगितली आणि हलकंफुलकं ऐकणाऱ्यांनी ताजीतवानी म्हणून.

मला जास्त उपयोगाची वाटते ती मोठ्या आवाजाची गोष्ट. गोंगाटात गोड आणि खारट दोन्ही चवी फिक्या लागतात हे २०११ च्या एका अभ्यासात दिसलं, आणि २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विमानाच्या केबिनसारखा आवाज ऐकवून बघितलं तर गोडी कमी झाली पण उमामी, म्हणजे टोमॅटोत असते ना ती भरदार चव, उलट वाढली. विमानात टोमॅटो ज्यूस मागणारे काही उगाच मागत नसावेत.

घरी याचा अर्थ इतकाच की आधी आवाज ठरवा आणि मग साखर घाला. फुल्ल व्हॉल्यूमवर चाखत चाखत सरबत केलं तर ते हमखास जास्त गोड होणार, गाणं हळू केलं की कळतं. कोरी कॉफी आवडते पण कडूपणा थोडा बोचतो, अशांनी दणदणीत बासऐवजी बासरी किंवा सतार लावून बघावं, नाहीतर एकाच किटलीतून दोन कप भरा, दोन वेगळी गाणी लावा आणि घरातल्या माणसाला न सांगता चव विचारा. बिनसाखरेचा चहा गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : शनिवारी रात्री आम्ही दोघं गाणी लावून बसतो. मी लिंबूपाणी घेते, हे व्हिस्की. दुसरा ग्लास झाला की हे आवाज वाढवतात आणि म्हणतात आता कुठे नीट ऐकू येतंय. माझं डोकं उठतं. ह्यांना खरंच कमी ऐकू येतं का उगाच?

उत्तर : खरंच कमी ऐकू येतं हो. दारू प्यायल्यावर श्रवणशक्ती तात्पुरती मंदावते, २००७ च्या एका अभ्यासात खालच्या फ्रिक्वेन्सींवर जास्त परिणाम दिसला, त्यातही १००० हर्ट्‌झच्या आसपास, आणि माणसाच्या बोलण्या-गाण्याचा मोठा भाग त्याच परिसरात येतो. म्हणजे ते खोटं बोलत नाहीयेत, पण म्हणून तुमच्या कानांनी ते का सोसायचं? तुमचं लिंबूपाणी तुमच्या कानांना काहीच करत नाही.

पहिला ग्लास भरायच्या आधी आवाज ठरवायचा, बटणावर बारीक खूण करायची, आणि त्यापुढे रिमोट तुमच्याकडे. भांडायची गरज नाही, हा लेख दाखवा. हिशोबही सांगून ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबल झालं की तीच मर्यादा फक्त ४ तासांवर येते. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतं पुरतं. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, हेही जाता जाता त्यांच्या कानावर घाला. त्यांना फक्त ग्लास हातात असण्याची आणि थोड्या कडवटपणाची सवय असेल तर एखाद्या शनिवारी नुसतं टॉनिक वॉटर आणि लिंबू देऊन बघा. त्यातल्या क्विनीन या कडू द्रव्यामुळे ते अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळं चमकतं, पार्टीचा तसला दिवा घरात असेल तर करमणूक फुकट.

प्रश्न : मला रात्री ११ नंतरच गाणी ऐकायला वेळ मिळतो आणि कॉफीशिवाय मजा येत नाही, पण मग २ वाजले तरी टक्क जागा. काय करू?

उत्तर : ११ ची कॉफी पहाटे ४ वाजता निम्मी शिल्लक असते, कारण शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त, आणि गरोदरपणात तर खूपच. डीकॅफ घ्या, त्यात कॅफिन असतं पण नावापुरतं. ग्रीन टीला लोक निरुपद्रवी समजतात, तसं नाही, त्यातही कॅफिन आहे, कोकोतही थोडं असतंच. पुदिना, आलं किंवा कॅमोमाइलची सुकवलेली फुलं यांचा काढा गरम प्यायला मिळतो आणि कॅफिन शून्य. तुम्हाला बहुतेक वाफ आणि वास हवा असतो, कॉफी नाही, आठवडाभर बदलून बघा.

प्रश्न : ऐकता ऐकता सोबत गाते आणि घसा बसतो. कोमट पाणी घेऊ की दूध?

उत्तर : पाणी. पण गाणं सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून, कारण गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही, ते अन्ननलिकेतून जातं आणि शरीरभर पोचून मग घशाला ओलावा देतं. दुधाने कफ वाढतो हे सिद्ध झालेलं नाही, मात्र लाळेत मिसळून ते दाट वाटतं आणि गाताना खाकरावंसं वाटतं. ऐकून झाल्यावर प्या की निवांत. आणि कोरसमध्ये मूळ गायकाच्या पट्टीत ओरडायचा हट्ट सोडा, घसा त्यानेच बसत असणार.

प्रश्न : स्पीकरची वरची बाजू छान सपाट आहे, ग्लास तिथेच ठेवतो. बायको ओरडते. कोण बरोबर?

उत्तर : बायको. बासच्या थरथरीने ग्लास हळूहळू कडेला सरकतो, थंड ग्लासाला बाहेरून सुटलेलं पाणी लाकडात मुरतं आणि वरून ग्लासच वाजायला लागतो तो वेगळाच. वेगळं छोटं टेबल घ्या, यंत्रांपेक्षा उंचीने कमी, म्हणजे कलंडलं तरी जमिनीवरच सांडेल. ॲम्प्लिफायरवर तर पाण्याचा पेलासुद्धा नको, उष्णता बाहेर जायच्या फटी बहुतेक वरच असतात. सांडलंच तर आधी प्लग काढा, मग पुसा, आणि चालू होतंय का ते बघायची घाई करू नका, आत गेलं असेल तर दुरुस्तीवाल्यालाच उघडू द्या. साध्या पाण्यापेक्षा गोड पेय वाईट, पाणी सुकून जातं पण साखर चिकटून राहते आणि बटणं जड होतात. रेकॉर्डवर थेंब पडला तर मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोल गोल टिपा, आडवं घासू नका, आणि गोड काही असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलं करून टिपा, मधलं कागदी लेबल मात्र कोरडं ठेवा.