इंदूरच्या आजीकडे तीन आठवडे

परदेशातून सुट्टीला इंदूरला येणाऱ्या घरांचा बेत साधारण एकाच साच्याचा असतो. पहिला आठवडा झोप सावरण्यात जातो. दुसऱ्यात राजेंद्रनगरपासून टिळकनगरपर्यंत नातेवाइकांकडची जेवणं आणि एम. टी. क्लॉथ मार्केटच्या फेऱ्या होतात. तिसऱ्यात उज्जैन, महेश्वर, मांडू उरकून बॅगा भरायच्या. या सगळ्यात आजी स्वयंपाकघरात असते. निघायच्या आदल्या रात्री ती म्हणते, "पोरांशी धड बोलणंच झालं नाही," आणि सगळ्यांना वाईट वाटतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे: मुलांना आजीच्या दिवसात बसवा, आजीला तुमच्या सहलीत नको. आणि आजी व दोन नातवंडं, ती तिघं रमली की तुम्ही तिथून उठा. हे दुसरं जास्त अवघड जातं.

सुरुवात जेट लॅगपासून करू, कारण तो इथे कामाला येतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. न्यू जर्सी आणि इंदूर यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे मुलं आठवडाभर तरी पहाटे तीन-चारला टक्क जागी होणार. आजी तशीही पाचला उठते. त्यामुळे पाच ते आठ ही वेळ तिघांची. फुलं तोडणं, दारातली रांगोळी, देवांचं तबक पुसणं, दूध तापवताना पातेल्यापाशी उभं राहणं. यातलं काहीच मुद्दाम आखावं लागत नाही. तुम्ही झोपा. मुलांना पुन्हा अंथरुणात घालायला जाल तर ती झोपत नाहीत, फक्त रडतात. लंडनच्या मुलांना साडेचार-साडेपाच तासांचाच फरक पडतो, आणि तोही सकाळी उशिरा उठण्याकडे, तेव्हा त्यांना संध्याकाळची वेळ द्या. सिडनीची मुलं उलट संध्याकाळी सातलाच पेंगतात आणि लवकर उठतात, त्यांना पहाट छान जमते.

आजीला मुंबईच्या विमानतळावर घ्यायला बोलावू नका. अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघते आणि सकाळी इंदूरला पोचते. भेट स्टेशनवर किंवा घरच्या दारात झाली तर आजी ताजी असते.

आता स्वयंपाक. तुम्ही चार-पाच माणसं येता तेव्हा दोन माणसांचं घर सहा-सात जणांचं होतं, आणि आजी "मला कसला त्रास" म्हणत दोन्ही वेळा ओट्यापाशी उभी राहते. दोन वेळच्या स्वयंपाकाला बाई तुम्ही यायच्या आठवडाभर आधीपासून लावा, म्हणजे तिला आजीचं तिखट-मीठ आणि डबे कळलेले असतील. आजी नाही म्हणेल. "पंधरा दिवस करून बघू" म्हटलं की बहुतेक ऐकते. थकवा ती तोंडाने सांगत नाही. सकाळचं फिरणं चुकू लागलं, संध्याकाळी पाय सुजले, "जरा पडते" हे दिवसात तीनदा आलं, तर पुढचे दोन दिवस कुणालाही जेवायला बोलावू नका.

दुपारचं जेवण मात्र आजीच्या वेळेला, पाहुणे आले तरी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन झालेलं असतं आणि जेवण अडीचपर्यंत लांबतं, तेव्हा साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड सुरू होते आणि घरातले समजतात की आजी रागावली.

नातवंडांबरोबर तिने रोजचा स्वयंपाक करू नये, एखादाच पदार्थ करावा. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर तो भुट्ट्याचा कीस असू द्या. माळव्याचा पदार्थ, हंगाम ऐन पावसाळ्याचा, आणि लहान हातांना करण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. चार मोठे, कोवळे देशी भुट्टे घ्या. दाण्याला नख लावलं की दूध यायला हवं. दाणा कडक असेल तर तो भाजून खा, किसाला नको. पिठूळ होऊन कढईला चिकटतो. पानं सोलणं आणि केस एकूण एक काढणं हे सहा वर्षांच्या मुलाचं काम. दहा वर्षांच्या मुलाने मोठ्या भोकांच्या किसणीवर किसायचं आणि शेवटचं दोन बोटं कणीस आजीच्या हातात द्यायचं, तिथेच बोटं सोलतात. आजी खुर्चीत, परात टेबलावर. किसलेला मका उकाड्यात पडू देऊ नका, लवकर आंबतो आणि मग दूध फाटतं.

जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तूप, त्यात मोहरी, जिरं, हिंग, दोन हिरव्या मिरच्या आणि बोटभर आल्याचा ठेचा, थोडी हळद. मका घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. कच्चा वास गेला पाहिजे आणि रंग जरा गडद झाला पाहिजे. इथे घाई केली तर पुढे काहीही करा, कीस खिरीसारखा लागतो. मग एक कप गरम दूध, झाकण, मध्ये मध्ये ढवळत आठ-दहा मिनिटं. मीठ, चिमूटभर साखर. गॅस बंद केल्यावरच लिंबू. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि ज्याला हवं त्याला जिरावन, म्हणजे इंदूरचा चटपटीत मसाला. परत गेल्यावर मुलं हे तिथे करून मागतील. तिथला स्वीट कॉर्न जास्त गोड आणि पाणचट असतो, तेव्हा दूध निम्मं घ्या, साखर घालूच नका आणि पाच मिनिटं जास्त परता. डिसेंबरात आलात तर भुट्टा विसरा, गराडू हा कंद आणा. कापताना हाताला खाज सुटते, म्हणून हातांना तेल लावून आजी किंवा तुम्ही कापा. मुलांनी तळलेल्या तुकड्यांवर मसाला आणि लिंबू टाकायचं.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर आजीला "शेंगदाणे नकोत" एवढं सांगून भागत नाही. कूट तिच्या लेखी शेंगदाणे नसतात. ते कोशिंबिरीत, भाजीच्या रश्शात, साबुदाण्याच्या खिचडीत असतं, आणि कुटाच्या डब्यातला चमचा तिखटाच्या डब्यातही जातो. कुटाचा डबा तीन आठवडे शेजारी पाठवा. बाहेरच्या शेव-मिक्श्चरमध्ये दाणे दिसत नसले तरी कोणत्या तेलात तळलंय हे विचारा. या बाबतीत आजीचा रुसवा पत्करा. लाडू, चॉकलेट, जेवणाआधी दिलेली जलेबी यावरून मात्र वाद घालू नका. आजीच्या घरी आजीचे नियम असू द्यात. तुमचे तीनच ठेवा: ॲलर्जी, गाडीत पट्टा, आणि औषधं.

औषधांचं नीट ऐका. आजीच्या गोळ्या उशाशी, फ्रीजवर किंवा देवघरातल्या वाटीत असतात, आणि आठवड्याच्या खणांची डबी चार वर्षांचं मूल सहज उघडतं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांपैकी एकसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. आल्या दिवशीच सगळ्या गोळ्या कुलूप लागणाऱ्या कपाटात हलवा. घेतल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता पाकिटासकट दवाखाना गाठा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आजीने नातवाला कडेवर उचलू नये. पाच वर्षांचं मूल सतरा-अठरा किलोचं असतं आणि हाडं ठिसूळ झालेल्या पाठीचा मणका एवढ्या वजनाने दबू शकतो. आजी हात असलेल्या खुर्चीत बसते, मूल चढून मांडीवर येतं, आनंद तोच.

बोलण्याचं काय? मुलांचं मराठी कच्चं, आजीच्या मराठीत हिंदी मिसळलेलं, आणि मध्ये आई-बाबा दुभाषे. हे तिसरं माणूसच घोटाळा करतं. तुम्ही समजावून सांगू लागलात की मुलं आजीकडे बघायची थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. अर्धवट कळलेलं, हातवारे, चुकीचा अर्थ काढून हसणं हे होऊ द्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि मुलांचा आवाज नेमका तिथला. आजी "काय?" म्हणते ते दर वेळी उच्चारामुळे नसतं. टीव्ही, मिक्सर बंद, मूल समोर, तोंडावर उजेड. मागच्या खोलीतून ओरडून काही उपयोग नाही.

आणि पत्त्यांचा जोड आणा, मोठ्या आकड्यांचा. आजी आणि दोन नातवंडं म्हणजे तीन माणसं, आणि तिघांचा सर्वांत चांगला डाव म्हणजे पाच-तीन-दोन. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना तो एका दुपारी येतो. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी ही चारही रंगांची अठ्ठावीस पानं आणि बदाम व इस्पिकची सत्ती, अशी तीस. प्रत्येकी दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, त्याच्या पुढच्याने पाच, उरलेल्याने तीन. पहिली पाच पानं वाटून थांबायचं, पाच हात करणाऱ्याने त्यांच्यावरून हुकूम बोलायचा, मग बाकीची पाच वाटायची. उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकूम मारता येतो. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात ज्याचे कमी पडले त्याच्याकडून न बघता पान ओढतो आणि बदल्यात आपलं एक देतो. कोणतं पान परत द्यायचं याचे नियम घरोघरी निराळे असतात. आजीचे नियम चालतील, त्यावर गूगल करू नका. मुलं हा डाव सोडत नाहीत ते ओढाओढीमुळे. आजीचा एक्का ओढला गेला की घरात जो आरडाओरडा होतो त्यात बदाम, चौकट, किल्वर, हुकूम हे शब्द कुणी न शिकवता तोंडी बसतात. सहाच्या आतल्या मुलासाठी भिकार-सावकार, तिथे काही कळावं लागत नाही. डाव टेबलावर मांडा. आजीचे गुडघे जमिनीवर बसायला तयार झाले तरी उठायला होत नाहीत. वेळ पाऊण तास पुरे, दुपारच्या झोपेनंतर, चहाबरोबर.

बाहेर जायचं तर आजीबरोबर आठवड्यातून एकदाच, तेही अर्धा दिवस. बडा गणपती मुलांना आवडतो, साधारण पंचवीस फुटी मूर्ती बघून माना वर होतात आणि आजीला चढावं काही लागत नाही. सराफा रात्रीचा, सोन्याची दुकानं मिटल्यावर खाण्याची उघडतात, तेव्हा तो तुमच्यासाठी ठेवा. आजीला आणि मुलांना छप्पन दुकान या खाऊगल्लीत संध्याकाळी पाचला न्या, गर्दी व्हायच्या आत. मुलांना समोर तळलेलं, वाफाळतं द्या. ओली चटणी, बर्फ, कापून ठेवलेलं फळ नको. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसींचं निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना विचारा, टायफॉइडची लस आदल्या दिवशी घेतली तर वेळेवर काम करत नाही. महेश्वर गाडीने दोन-अडीच तास. आजी येणार असेल तर तिने किल्ल्यावर थांबावं, तुम्ही घाटाच्या पायऱ्या उतरा. नातेवाइकांना एका रविवारी सकाळी पोह्यांना घरीच बोलावून टाका. दहा घरची जेवणं वाचतात.

दुपारच्या रिकाम्या वेळी जुने फोटो काढा. एका बैठकीला दहाच, जास्त झाले की आजी दमते आणि मुलं पळतात. मुलाने विचारायचं हा कोण, कुठला वाडा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, आणि नाव फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला लिहायचं. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

परत गेल्यावर फोन. "बोल आजीशी" म्हणून मुलाच्या हातात फोन दिला की दोन्हीकडून "बरी आहेस ना" एवढंच होतं. आजीने गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगावी, दहा मिनिटं, आणि ऐन ठिकाणी थांबावं. आजीकडे फोन स्टँडवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. हातात धरला की निम्मा वेळ छत दिसतं. अमेरिकेच्या पूर्वेकडून शनिवारी सकाळी साडेनऊला फोन केला तर इंदूरला उन्हाळ्यात सात वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तुमची घड्याळं बदलतात, आजीचं बदलत नाही. तो आठवडा येण्याआधीच तिला नवी वेळ सांगा आणि कॅलेंडरवर लिहायला लावा, नाहीतर ती तासभर फोन समोर ठेवून बसते.