बालवाडीत गाणं शिकवताना आधी पट्टी बघा

नव्या ताईंना माझं पहिलं सांगणं पट्टीबद्दल, म्हणजे गाण्याचा सा किती उंच सुरावर धरायचा त्याबद्दल. आपण आपल्या गळ्याला सोयीच्या खालच्या पट्टीत गाणं धरतो आणि ३-४ वर्षांची मुलं तिथे पोचतच नाहीत. मग ती गाणं नुसतं बोलायला लागतात आणि आपण म्हणतो, याला सूर नाही! पेटीच्या मधल्या सप्तकातली 'पांढरी दोन', म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, हा सा धरा. सा ते प, फार तर ध, एवढ्यातच फिरणारी बडबडगीतं निवडा. 'जोरात म्हणा' असं कधीही सांगू नका. मुलं ओरडतात आणि कोवळे गळे बसतात.

सारेगमची घाई नको. ताल मात्र पहिल्या दिवसापासून हवा, तोही अंगातून: केरव्याच्या ८ मात्रांवर (ठोक्यांवर) चालणं, दादऱ्याच्या ६ मात्रांवर डोलणं. मोजायला लावू नका, पाय आपोआप पकडतात. वाद्यांना पैसे नसले तरी अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी या गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा साधनं आजूबाजूच्या वस्तूंतूनच घडवली. तुम्हीही करवंट्या घ्या, डब्यात चिंचोके भरा. झाकण मात्र पक्कं चिकटवा, मुलं चिंचोके नाकात घालतात.

दहा मिनिटं पुरेत, पण रोज. जे मूल गात नाही त्याला उभं करून गायला लावू नका. ते ऐकत असतं. आणि स्नेहसंमेलनासाठी महिनाभर एकच गाणं घोटून घ्या असा आग्रह झाला, तर मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोला.